कुंकवाखालचा पत्ता

माझ्या नवऱ्याचं कामाचं वेळापत्रक फार कडक आहे. सकाळी नऊला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतो. एकला जेवायला उठतो, दीडला परत बसतो. सहाला बंद. रविवारी सुट्टी. अडचण एवढीच आहे की त्याला काम नाही.

धनेश लोअर परळच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये बावीस वर्षं मशीनमन होता. गेल्या जूनमध्ये प्रेस बंद झाली. तीन आठवडे तो रोज बाहेर पडला, ओळखीच्या सगळ्या प्रेसमध्ये जाऊन आला. सगळीकडे तेच ऐकलं, छापायला काही उरलं नाही आणि छापणारे भरपूर. चौथ्या आठवड्यात तो बाहेर पडला नाही. आमची नूपुर कॉलेजसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचं गेम खेळायचं कन्सोल घरीच राहिलं होतं. ते त्याने पुसलं, टीव्हीला लावलं आणि बसला.

गेम तरी कसला, तर ट्रक चालवण्याचा. परदेशातल्या लांबलचक रस्त्यांवरून माल भरलेला ट्रक न्यायचा आणि वेळेत पोचवायचा. नेटवरून आणखी दहा-बाराजण आपापले ट्रक घेऊन येतात, त्यांचा ताफा निघतो. न मारामारी, न धमाके. तासन्‌तास नुसता रस्ता. मी एकदा अर्धा तास शेजारी बसले होते, तेवढ्यात धनेशने सिग्नलला सात वेळा ट्रक थांबवला. खऱ्या आयुष्यात लालबागचा सिग्नल त्याने कधी पाळला नाही.

आणि ह्या सगळ्याला घरात 'काम' म्हणायचं, असं ठरलं होतं. कारण माझ्या सासूबाई.

सासूबाईंचं नाव कमल. वय शहात्तर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी त्याने जवळचंच अंधुक दिसतं, दुसऱ्याने फक्त उजेड आणि हलणारे रंग कळतात. आम्ही चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतो. दीड खोली आहे, त्यामुळे धनेश दिवसभर घरी बसतो हे त्यांच्यापासून लपणं शक्यच नव्हतं. म्हणून धनेशने सांगितलं, आई, आता मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आहे, घरूनच काम असतं. त्या रात्री त्याने मला हात जोडून सांगितलं होतं, "आईला कळू देऊ नकोस. बाबांच्या वेळेला तिने खूप काढलंय. परत नको." मी हो म्हटलं. बायका हो म्हणतात तेव्हा किती दिवसांसाठी म्हणतात हे कोणी विचारत नाही.

आठ महिने झाले. मी दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. सकाळी सातला उठून चार माणसांचं करायची सवय होती, आता तिघांचं करते, तरी जास्त थकते. संध्याकाळी दार उघडलं की धनेश विचारतो, "कसा गेला दिवस?" आणि आई ऐकत असतात म्हणून मलाही विचारावं लागतं, "तुझा कसा गेला?" तो सांगतो, "आज जरा लोड होता." हे वाक्य ऐकलं की माझ्या हातातलं भांडं जोरात आपटलं जातं. राग येतो म्हणावं तर तसंही नाही. रागाला अंगात जोर लागतो, तो माझ्यात शिल्लक नाही. मी दमले आहे, एवढंच खरं आहे.

दसऱ्याला तर कहर झाला. आमच्याकडे खंडेनवमीला कामाच्या वस्तूंची पूजा होते. सासरे गिरणीत होते तेव्हा त्यांची कात्री पाटावर यायची, नंतर धनेशचं छपाईचे ठिपके बघायचं भिंग यायचं. ह्या वेळी मी मुद्दामच काही मांडलं नाही. सासूबाईंनी चाचपत जाऊन कन्सोल आणलं, पाटावर ठेवलं, तेही उलटं, आणि ओलं कुंकू बोटावर घेऊन त्याच्यावर स्वस्तिक काढलं. झेंडूचं फूल वाहिलं. धनेश बाजूला हात जोडून उभा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन श्रीखंडाचा चक्का फेटत बसले.

तरीही मी गप्प होते. माझा संयम सुटला तो शेजारच्या पद्मजामुळे. बिचारीचा दोष काहीच नाही. लिफ्टमध्ये भेटली आणि म्हणाली, "वहिनी, धनेशभावजींच्या कंपनीत आमच्या रघूला चिकटवता येईल का? माझा भाऊ हो. ड्रायव्हिंग येतं त्याला. कमलमावशी सांगत होत्या, घरबसल्या गाड्या चालवायचं काम आहे." मी म्हटलं, "विचारून सांगते." लिफ्ट चौदाव्यावर थांबली तरी मला बाहेर पडायचं सुचेना. आमचं खोटं आता दुसऱ्याच्या घरात जाऊन आशा लावून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या यशोधनला गाठलं. तो आमच्याकडे कॉम्प्युटर शिकवतो आणि ऑफिसचे प्रिंटरही तोच बघतो. मी विचारलं, "घरातलं एकच मशीन नेटवरून तोडायचं असेल तर?"

"कुठलं मशीन?"

"गेमचं. मुलगी फार खेळते." नूपुर पुण्यात लायब्ररीत बसली असेल तेव्हा.

"पासवर्ड बदला ना मॅडम."

"तो मजल्यावरच्या तीन घरांकडे आहे. बदलला की सगळे दारात येतील."

तो हसला. म्हणाला, "मग राऊटरच्या ॲपमध्ये जाऊन फक्त त्याच मशीनवर बंदी घाला. लिस्ट दिसेल, पण एवढ्या घरांचे फोन, टीव्ही सगळे त्यात असणार आणि अर्ध्यांना नावं नसतात. चुकून भलतंच बंद कराल. आधी त्या कन्सोलचा मॅक ॲड्रेस शोधा. बारा आकडे-अक्षरं असतात, दोन-दोनच्या जोड्या. मशीनचा आधार नंबर समजा, कारखान्यातच ठरलेला असतो. बऱ्याचदा खाली स्टिकरवर छापलेला असतो."

रविवार उजाडला. दर रविवारी धनेश वरळी कोळीवाड्यात मासळी आणायला जातो आणि त्याला दीड-दोन तास सहज लागतात. तो लिफ्टमध्ये शिरल्याचं ऐकून मी कन्सोल उचललं आणि उलटं केलं. स्टिकर होतं. स्टिकरवर सासूबाईंचं स्वस्तिक होतं. दसऱ्यापासून तसंच, वाळून घट्ट बसलेलं. धनेशने ते पुसलं नव्हतं.

मी कापसावर खोबरेल घेतलं आणि हळूहळू चोळायला लागले. कुंकू सुटलं, पण त्याच्याबरोबर छापलेली शाईही सुटली. पहिल्या तीन जोड्या कशाबशा दिसत होत्या, पुढे आठ आहे की बी आहे, शून्य आहे की डी आहे, काही कळेना. शेवटच्या दोन जोड्या तर कापसावरच आल्या. बावीस वर्षं छपाईवाल्याच्या घरात राहून मला एवढं कळायला नको होतं? मी कपाळाला हात लावला.

मग यशोधनला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं की मशीन चालू करा, सेटिंगमध्ये नेटवर्कच्या माहितीत असेल.

मी टीव्ही लावला, कन्सोल लावलं. तो दोन मुठींचा कंट्रोलर आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला. पडद्यावर ट्रकचं मोठं चित्र आलं आणि मी जे दाबीन त्याने तो ट्रकच उघडायला लागला. तीन वेळा बाहेर आले, तीन वेळा परत आत गेले.

"तसा नाय गो," खिडकीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "पयल्यांदा वर जा. मगे उजवीकडे. टिक टिक टिक टिक, चारदा. मगे दाब."

मी वळून बघितलं. त्यांचं तोंड खिडकीकडेच होतं.

"तो रोज सकाळी नेट तपासता कामाक बसताना," त्या म्हणाल्या. "माका आवाज पाठ झालो हा. आता खाली, पाचदा. दाब. इला काय?"

आलं होतं. नेटवर्कची माहिती. त्यात पत्ते दोन निघाले, एक केबलचा आणि एक वायफायचा. आमचं कन्सोल वायफायवर चालतं, पण चूक नको म्हणून मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे दोन्ही उतरवून घेतले. एकेक जोडी तोंडाने पुटपुटत लिहिली आणि परत पडताळून बघितली.

"दर्शना," सासूबाई म्हणाल्या, "बंद करूक बघतंस ना ह्या?"

मी त्या पानाची घडी घातली.

"माका दिसणा नाय, पण आयकाक येता. नोकरीवरच्या माणसाक दिवसात दहा फोन येतत. सायेब वराडता, कोण कोण इचारता. ह्येका आठ म्हयन्यात एक फोन इलो नाय. रविवारी तर कोण कामाचो माणूस इतक्या शांतपणी मासे आणूक जाता?"

म्हणजे ज्या बाईसाठी मी आठ महिने खोटं बोलत होते, तिला पहिल्यापासून सगळं कळत होतं. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मला फक्त तिथेच लादीवर आडवं व्हावंसं वाटलं.

"मग ते कुंकू?" मी विचारलं. "पूजा कशाला केलीत?"

"दिवसभर ज्याच्यार हात ठेवता, ता पुजूचा. आणखी काय होता माझ्याकडे?"

मग त्यांनी मला सासऱ्यांचं सांगितलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तरी हे मी कधी ऐकलं नव्हतं. संप फिसकटल्यावर गिरणीने सासऱ्यांना परत घेतलं नाही. ते वडाळ्याच्या एका गोदामात लागले. सासूबाई तेव्हा घरात खानावळ चालवायच्या, वीस माणसांचे डबे रोज भरायच्या, त्यात एकविसावा सासऱ्यांचा. सकाळी ते डबा घेऊन जायचे, संध्याकाळी रिकामा घेऊन यायचे. एक दिवस दुपारी गोदामातला एक माणूस छत्री द्यायला दारात आला. म्हणाला, तुमच्या मिस्टरांची राहिली होती, दोन महिने झाले काम सोडून, न्यायला आलेच नाहीत.

"मी छत्री घेतलंय आणि पेटीच्या मागे लपवून ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "कायएक बोललंय नाय. वरीसभर डबो भरलंय. खंय जातत, खंय बसतत, इचारलंय नाय. मगे एक दिवस माजा डोक्या फिरला. सकाळधरना स्टोव्ह पेटा नाय होतो, धनेशाक ताप होतो. ते डबो मागूक लागले. मी पेटीमागची छत्री काढलंय आणि तेंच्या समोर ठेवलंय. म्हटलंय, डबो खंय घेवन जातास, तुमची छत्री तर हंयसर आसा."

"मग?"

"मगे कायएक नाय. त्यांनी छत्री बघल्यानी आणि पायातली चपलां काढल्यानी. दोन वर्सां भिंतीकडे तोंड करून निजले. तेच्या मागसून उठले, फिरले, पण माज्या तोंडाकडे कधी बघल्यानी नाय." त्यांनी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली हातात फिरवली. "तू छत्री काढू नको गो."

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. दोन्ही एकदमच. "आई, तुम्ही वर्षभर डबे भरलेत," मी म्हटलं. "मला नाही जमणार. मी रोज दार उघडते आणि नाटकात काम करते. पद्मजाचा भाऊ आता आपल्या कंपनीत नोकरी मागतोय. मला आता होत नाही."

"ठावक आसा."

"ठाऊक आहे ना? मग मी काय करू ते सांगा."

"ता माका काय ठावक," त्या म्हणाल्या. आणि ते खरंच होतं, त्यांनी दोन्ही करून बघितलं होतं.

धनेश बांगडे घेऊन आला. पिशवी मोरीत ठेवली आणि कन्सोल थोडं तिरकं दिसलं म्हणून सरळ करायला गेला. बोटांना तेल लागलं. त्याने ते उलटं केलं, स्वस्तिकाच्या जागी तेलकट गुलाबी डाग बघितला आणि विचारलं, "ह्याला कोणी हात लावला?"

"मी पुसलंय," सासूबाई पटकन म्हणाल्या. "धूळ बसली होती."

त्याने रुमालाने बोटं पुसली आणि कन्सोल सरळ करून जागेवर ठेवलं.

दुपारी दोघं झोपल्यावर मी फोनवर राऊटरचं ॲप उघडलं. पूर्ण बंदी घालायचं बटण समोरच होतं. त्याच्यावर अंगठा नेला आणि मला ती छत्री आठवली. पण काहीच केलं नाही तर उद्या संध्याकाळी परत "आज जरा लोड होता" ऐकायचं होतं. तेही होणार नव्हतं माझ्याने. शोधता शोधता दिसलं की एखाद्या मशीनला वेळ लावता येते, अमुक ते अमुक चालू, बाकी बंद. ही सोय 'मुलांवर नियंत्रण' ह्या नावाखाली होती. सत्तेचाळीस वर्षांच्या नवऱ्याला मी त्या खिडकीत घातलं. वायफायचा पत्ता चिठ्ठीवरून टाकला, सहाच्या सहा जोड्या तीनदा तपासल्या. मशीनचं नाव लिहा, असं आलं. मी 'धनेश' लिहिलं. वेळ लावली नऊ ते एक.

एवढंच जमलं मला. ना सासूबाईंसारखं गप्प बसता आलं, ना पूर्ण तोडता आलं.

सोमवारी एक वाजून पाच मिनिटांनी ऑफिसात फोन वाजला.

"दर्शना, नेट गेलं."

"गेलं नाही. मी बंद केलंय." हे वाक्य मी सकाळपासून मनात घोकत होते. "रोज नऊला चालू होईल, एकला बंद होईल. हाफ डे."

पलीकडे आमच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"ताफा अर्ध्या रस्त्यात आहे," तो म्हणाला.

"असू दे."

"आईला काय सांगू?"

"हाफ डे झाला सांग."

मग तो म्हणाला, "आणि दुपारी मी काय करू?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं, भांडायला मी तयार होते. पण त्याने खरोखर विचारलं होतं, वाट चुकलेल्या माणसाने विचारावं तसं. मी म्हटलं, "जेवून घे," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी एका मुलीच्या दाखल्यावर तिच्या आईच्या जागी माझंच नाव लिहिलं. यशोधन येऊन म्हणाला, "जमलं का मॅडम? वायफायचाच टाकलात ना?" मी हो म्हटलं. "मग मुलगी भडकली असेल," तो हसत म्हणाला. मी सांगितलं, नाही, भडकली नाही.

साडेपाचला घरी पोचले. टीव्ही बंद होता. खुर्ची रिकामी होती. सासूबाई खिडकीपाशी होत्या.

"धनेश?"

"डबो घेवन गेलो."

मी त्याला फोन लावला तर तो टीव्हीच्या शेजारी, चार्जरला लावलेला, घरातच वाजला.

"जेवूक बस म्हटलंय, तर भूक नाय म्हणालो," सासूबाई सांगत होत्या. "त्या खुर्चेर बसान कपाटाकडे बघित रवलो. भिती वाटली माका, आता निजता की काय. म्हणान चाचपत उठलंय आणि डबो भरलंय. हातात दिलंय. म्हटलंय, झिला, जा खंय तरी, पण निजा नको. तेव्हा माझ्यान झाला नाय, ता आज केलंय."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. चहा केला नाही, साडीही बदलली नाही. चौदाव्या मजल्यावरून खालचा रस्ता दिसतो, पण माणूस ओळखू येत नाही, तरी मी बघत राहिले. मला भीती वाटत होती आणि तिचं कारण मी स्वतः होते. त्याला बाहेर काढायचं म्हणून एका कागदावर बारा अक्षरं उतरवली होती, आणि तो बाहेर गेला होता तो बापाच्या वाटेने.

सहा वाजून वीस मिनिटांनी दारात किल्ली फिरली. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. बाहेर कामाला जायचा तेव्हा ह्याच वेळेला घरी यायचा. त्याने चपला काढल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"कुठे होतास?" मी विचारलं.

सासूबाईंचा थेंबांची बाटली फिरवणारा हात थांबला. वर्षभर जो प्रश्न त्यांनी ओठांवर येऊ दिला नव्हता तो मी विचारला होता. धनेशच्या तोंडावर खोटं तयार झालेलं मला दिसलं. लोड, कंपनी, काहीतरी. मग त्याने मान हलवली.

"हिंदमाताला," तो म्हणाला. "एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर बसायला गेलो होतो. आता तिथे काचेचं दार आहे आणि वॉचमन आहे. त्याने उठवलं. मग पुढच्या गल्लीत बसलो."

"पायरीवर? कशाला?"

त्याने डबा खाली ठेवला. आईकडे एकदा बघितलं, मग माझ्याशीच बोलला, पण आवाज खाली केला नाही. "बाबा तिथे बसायचे. मी सात वर्षांचा होतो. मावशीबरोबर युनिफॉर्मचं कापड घ्यायला गेलो होतो. ते पायरीवर बसून डबा खात होते. मावशीचं लक्ष नव्हतं. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. मी हाक मारली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला एक पेपरमिंटची गोळी दिली. तेवढंच. मी आईला कधी सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं."

चाळीस वर्षं. आई बापाला कळू देत नव्हती, बाप आईला, आणि सात वर्षांचं पोर दोघांना. मला वाटत होतं मीच एकटी दमले आहे.

सासूबाईंनी तोंड खिडकीकडून वळवलं.

"काय खायत होते?" त्यांनी विचारलं.

धनेशला आधी समजलंच नाही. "काय?"

"डब्यात काय होता त्या दिवशी?"

"चपाती," तो म्हणाला. "आणि बटाट्याची सुकी भाजी."

"सगळा खाल्ल्यानी?"

"सगळं," धनेश म्हणाला. "बोटं पण चाटली त्यांनी. मी बघितलं."

सासूबाईंनी मान डोलवली, दोनदा, तीनदा. पदराने डोळे पुसले, चांगला आणि वाईट दोन्ही. मग म्हणाल्या, "तुजापण माका ठावक होता, झिला. नोकरीचा. पयल्यापासना."

मी धनेशकडे बघत होते. आता हा आत जाईल, गादी घालेल, भिंतीकडे तोंड करील. आपल्या घराण्यात असंच होतं, आणि ह्या वेळी छत्री मी काढली आहे. तो उभा होता. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, डबा उचलला आणि मोरीत जाऊन घासायला घेतला. झाकण, वाटी, तळ, सगळं स्वच्छ घासलं. तेवीस वर्षांत त्याने डबा कधी घासला नव्हता, त्यामुळे साबण फार घेतला.

"पद्मजाच्या रघूला मी सांगतो खरं काय ते," तो तिकडूनच म्हणाला. "आणि दर्शना, ते नऊ ते एक राहू दे हवं तर. पण उद्या माझा डबा सकाळीच भर."

"कुठे जाणार आहेस?"

त्याने नळ बंद केला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण सांगून जाईन."

मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं. तिघांचं.